जीएनएमची तीन वर्षे : एका धर्मादाय रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयाविषयी

दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी एका धर्मादाय न्यासाचे १५० खाटांचे रुग्णालय असून त्याच आवारात न्यासाचे परिचर्या विद्यालयही आहे. तेथून मी जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या आणि प्रसूतिशास्त्र, हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली दोन वर्षे दुसऱ्या एका शहरात अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करीत आहे. काही गंभीर तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे विद्यालयाचे नाव देत नाही; परंतु अशा प्रकारच्या विद्यालयात मुलीला नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रवेशाच्या धावपळीत पालकांना कोणी सांगत नाही, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

माझी बारावी कला शाखेतून झाली होती. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. जीएनएमला मात्र कोणत्याही शाखेतून, इंग्रजी विषयासह आणि किमान ४० टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेली मुलगी पात्र ठरते. आमच्यासमोर दोन विद्यालये होती. त्यांपैकी एकाची इमारत नवी होती, वर्गात मोठे पडदे होते आणि प्रवेशासाठी त्यांचे फोन दिवसाआड येत होते. दुसरे म्हणजे हे, ज्याच्या भिंतींना कित्येक वर्षांत रंग लागलेला नव्हता. माझी आत्या आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, आहे. ती वडिलांना म्हणाली, "दादा, वर्ग नंतर बघू, आधी वॉर्डात जाऊन किती खाटांवर पेशंट आहेत ते बघून येऊ." नव्या इमारतीच्या विद्यालयाच्या रुग्णालयातील बहुतेक खाटा रिकाम्या होत्या आणि मुलींना प्रात्यक्षिकासाठी बसने दुसरीकडे नेले जात असे. येथे मात्र स्त्रियांच्या मेडिसिन वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आत्याला ठाऊक होते. चाळीस मुलींच्या तुकडीला ते पुरेल की नाही, याचा हिशेब तिने तिथेच व्हरांड्यात उभ्या उभ्या केला. माझा प्रवेश त्या हिशेबावर ठरला आणि तीन वर्षांनंतरही मला तो निर्णय बरोबर वाटतो.

या विद्यालयाची खरी किंमत त्याच्या वॉर्डात आहे. पहिले काही आठवडे प्रात्यक्षिक कक्षात पुतळ्यावर गेले. चादरीला सुरकुती न पडू देता खाट लावणे, तापमान, नाडी आणि श्वसन मोजणे, साबणाने हात धुण्याच्या पायऱ्या क्रमाने आणि पुरेसा वेळ देऊन करणे, एवढेच तेव्हा शिकवले गेले. घरून आलेल्या मुलींना हे क्षुल्लक वाटते, मलाही वाटले होते. पुढे वॉर्डात अर्धांगवायू झालेल्या एका आजींच्या पाठीवर चादरीच्या घडीने उठलेला लाल वळ इन्चार्ज सिस्टरांनी मला बोट ठेवून दाखवला आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याची नोंद माझ्याकडून चार दिवस करून घेतली, तेव्हा पुतळ्यावर घालवलेल्या त्या आठवड्यांचा अर्थ कळला.

सलाइनचे थेंब मोजायला मी येथेच शिकले. ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचे असेल आणि संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडत असतील, तर मिनिटाला साधारण २१ थेंब पडले पाहिजेत. हे गणित वर्गात फळ्यावर सोडवणे निराळे, आणि मनगटावरचे घड्याळ डोळ्यांसमोर धरून, शेजारी नातेवाईक प्रश्न विचारत असताना, थेंबांवरची नजर न काढता ते जुळवणे निराळे. औषध देण्यापूर्वी योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाचही मुद्दे आमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडम मोठ्याने म्हणून घेत असत. एकदा एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारशेजारच्या खाटांवर होत्या आणि मी फक्त आडनाव विचारून ट्रे पुढे केला. मॅडमनी माझा हात धरला, रुग्णासमोर एक शब्दही बोलल्या नाहीत, आणि ड्युटी संपल्यावर स्टाफरूममध्ये मला तासभर बसवून मी काय केले असते ते माझ्याच तोंडून वदवून घेतले. रुग्णासमोर अपमान न करता चूक दुरुस्त करणाऱ्या शिक्षिका मिळणे हे माझे भाग्य होते. नोकरीत मी याच्या उलट वागणारी वरिष्ठ माणसेही पाहिली आहेत आणि त्यांच्या हाताखालच्या मुली भीतीने चुका लपवू लागतात, हेही पाहिले आहे.

वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांनी जे शिकवले ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नाही. जड रुग्णाला पाठ न दुखवता कुशीवर कसे घ्यावे, बेडपॅन देताना रुग्णाची लाज कशी राखावी, पडदा ओढायला कधीही विसरू नये, या गोष्टी मी मावशींकडून घेतल्या. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांना परिचर्या शिकायला ससून रुग्णालयात पाठवले, तेव्हापासून आपल्याकडे ही विद्या खाटेशेजारी उभे राहूनच शिकली गेली आहे, आणि हे विद्यालय निदान त्या बाबतीत आपल्या जबाबदारीला जागते.

प्रसूतिशास्त्राचा भाग मी मुद्दाम अधिक विस्ताराने सांगते, कारण विद्यालयाची परीक्षा तिथेच होते. आम्हाला कार्यवहीत वीस सामान्य प्रसूतींची नोंद पूर्ण करावी लागे. ज्या रुग्णालयात महिन्याला मोजक्याच प्रसूती होतात, तिथे एकाच बाळंतिणीची नोंद चार मुलींच्या वह्यांत जाते, ही गोष्ट मी इतर ठिकाणच्या मैत्रिणींकडून ऐकली आहे. आमच्याकडे प्रसूतिकक्ष रात्रंदिवस चालू असे आणि वहीवर सही करण्यापूर्वी सिस्टर विचारत, "बाळ तू हातात घेतलंस का?" माझी पहिली प्रसूती पहाटे चारच्या सुमारास झाली. सिस्टरांचा हात माझ्या हातावर होता. डोके हळूहळू बाहेर येऊ द्यायचे, घाई करायची नाही, एवढेच त्या कानाशी सांगत होत्या. बाळ रडले आणि मी हुश्श केले, पण त्यांनी मला तिथून हलू दिले नाही. वार पूर्ण पडली आहे की नाही हे उजेडात धरून तपासायला लावले, रक्तस्राव किती झाला ते पाहायला लावले, पहिल्या तासात बाळ आईच्या अंगावर पाजायला घेतले की नाही याची खात्री करायला लावली. बाळंतिणीला सर्वांत मोठा धोका बाळ रडल्यानंतरच्या या वेळात असतो, हे पुस्तकातही आहे. पण माझ्या मनात ते त्या पहाटेपासून पक्के बसले.

सामुदायिक आरोग्याचा अनुभव चांगला होता. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लसीकरण सत्रांना आणि गृहभेटींना आम्हाला नियमित नेले जाई आणि एखाद्याच्या घरी बॅग ठेवण्यापूर्वी खाली वर्तमानपत्र अंथरण्याची सवय अजून सुटलेली नाही. मानसिक आरोग्य परिचर्येसाठी रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात राहिलो, तो काळ मला अपुरा वाटला. तिथे माणसाजवळ काही न करता नुसते बसून ऐकणे हेही परिचारिकेचे काम असल्याचे समजले.

आता उणिवांकडे येते. वर्गातील अध्यापन दुबळे होते. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र हे पाया असलेले विषय पहिल्या वर्षी आम्हाला पुस्तकातून वाचून दाखवले गेले, आणि तेही इंग्रजीतून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना शब्दांची सवय होण्याआधीच. ज्या मुलींच्या हातांत कसब होते, अशा तीन हुशार मुली पहिल्या वर्षाच्या लेखी परीक्षेत मागे पडल्या, याचे मला आजही वाईट वाटते. पहिल्या दोन महिन्यांत रोज तासभर इंग्रजी संज्ञा मराठीतून समजावून दिल्या असत्या, तर हे टळले असते. ग्रंथालय होते, परंतु ते सायंकाळी पाचला, म्हणजे आम्ही ड्युटीवरून मोकळ्या होऊ लागलो की बंद होई. वसतिगृह सुरक्षित होते. मात्र नाइट ड्युटी करून आलेल्या मुलींसाठी गरम जेवण ठेवले जात नसे, आणि रात्रभर उभे राहून आलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने बिस्किटांवर झोपावे, हे आरोग्य शिकवणाऱ्या संस्थेला शोभत नाही.

सर्वांत मोठी तक्रार कागदपत्रांची आहे. प्रवेशाच्या वेळी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जमा करून घेतल्या आणि शिक्षण संपल्यावर एक वर्ष याच रुग्णालयात काम करण्याच्या अटीवर त्या अडवून धरल्या. माझ्या वडिलांना तीन खेपा घालाव्या लागल्या, तेव्हा त्या परत मिळाल्या. ज्या मुलीला घरच्या ओढीने किंवा पुढच्या शिक्षणासाठी जायचे आहे, तिला अशा रीतीने थांबवणे हा मी अन्याय समजते. प्रवेश घेताना साक्षांकित प्रती द्याव्यात, आणि मूळ कागद द्यावेच लागले तर शिक्क्यासह पोच घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. वार्षिक शुल्काखेरीज गणवेश, कार्यवह्या, परीक्षा शुल्क आणि बाहेरगावच्या प्रशिक्षणाचा खर्च पहिल्याच वर्षी वेगळा द्यावा लागला, हेही माहितीपुस्तिकेत आधी लिहायला हवे होते.

हजेरीच्या बाबतीत विद्यालय कडक पण न्यायी होते. प्रात्यक्षिकाची उपस्थिती शंभर टक्के भरावी लागते. मला कांजिण्या झाल्या तेव्हा बुडालेल्या ड्युट्या सुट्टीत त्याच वॉर्डात भरून घेतल्या. नुसती सही करून विषय संपवला नाही.

नोकरीच्या हमीबद्दल माहितीपुस्तिकेत जे लिहिले होते ते अर्धेच खरे ठरले. निकालानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका आणि प्रसाविका म्हणून नोंदणी करण्यात कार्यालयाने उत्तम मदत केली. परंतु 'नोकरी' म्हणून जिथे पाठवले त्या लहान खासगी रुग्णालयाने महिना १२,००० रुपये देऊ केले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर २०१६ मध्ये नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली आहे, हे विद्यालयाने मुलींना शिकवायला हवे. मी ती जागा नाकारली आणि मोठ्या रुग्णालयात मुलाखत दिली. तिथे मला पुतळ्यावर नव्हे, खऱ्या रुग्णाला कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी, लावायला सांगितली आणि नंतर सुई कोणत्या डब्यात टाकणार ते विचारले. पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात, हे उत्तर देताना माझा हात आधीच त्या डब्याकडे गेला होता. अतिदक्षता विभागातील पहिले तीन महिने तरीही कठीण गेले, कारण व्हेंटिलेटर आम्ही शिकत असताना फक्त दुरून पाहिला होता. ही उणीव जीएनएमनंतर मोठ्या रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येकीने धरून चालावी.

एम्स रुग्णालयांतील परिचर्या अधिकारी पदांच्या भरतीसाठी होणाऱ्या नॉरसेट परीक्षेसाठी जीएनएम झालेल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी. झालेल्यांना तो लागत नाही. सरकारी सेवेकडे डोळे लावून बसलेल्या आणि विज्ञान शाखेतून आलेल्या मुलींनी हा फरक आधीच जोखावा. माझी दोन वर्षे नुकतीच पूर्ण झाली आहेत आणि त्या परीक्षेचा अभ्यास मी सुरू केला आहे.

हाताने काम शिकण्याची तयारी असलेल्या, विशेषतः कला किंवा वाणिज्य शाखेतून आलेल्या मुलींना मी हे विद्यालय सुचवीन. शरीररचनेचा अभ्यास मात्र त्यांना स्वतःच्या बळावर करावा लागेल. ज्यांना अशाच एखाद्या विद्यालयाची पारख करायची आहे, त्यांनी माहितीच्या दिवशी न जाता साध्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास, मॉर्निंग आणि इव्हनिंगची ड्युटी बदलताना, रुग्णालयात जावे. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती, प्रत्येक खाटेपाशी जाऊन दिली जाते की टेबलावर बसून, आणि त्या वेळी विद्यार्थिनी सिस्टरांच्या बरोबर वही घेऊन उभ्या असतात की कोपऱ्यात चादरींच्या घड्या घालत असतात, एवढे पाहून यावे.