स्वस्तातले सपाट तोंडाचे छर्रे: रोजच्या सरावाला पुरतात का?

सरळच सांगतो, एअर रायफल साधी स्प्रिंगवाली असेल आणि १० मीटरवर कागदी टार्गेटवर नेम धरायचा असेल तर महागडे मॅच छर्रे, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेले, घेऊ नका. ४.५ मिमीचा सपाट तोंडाचा स्वस्त डबा घ्या आणि वाचलेल्या पैशात जास्त फायर करा, नेम त्यानेच सुधारतो. मी वापरतो त्या कंपनीचं नाव देत नाही कारण असा माल बरेच जण काढतात आणि लॉट बदलला की त्याच कंपनीचा डबा सुद्धा वेगळा निघतो.

आता डबा उघडला की काय दिसतं ते ऐका. तळाला राखाडी भुकटी, म्हणजे शिशाची चुरी, आणि वरच्या थरातच काही छर्रे मागून चेपलेले. शिसं मऊ असतं, डब्यात ५०० छर्रे सुटे भरलेले असतात, ने-आण करताना ते एकमेकांवर आपटतात, त्यामुळे हे होणारच. पण नुसतं दिसायला वाईट एवढंच नाहीये हे. छर्रा कमरेत बारीक आणि मागून पोकळ असतो, त्या मागच्या पातळ कडेला स्कर्ट म्हणतात. ट्रिगर दाबला की मागून हवेचा दाब येतो, स्कर्ट फुगतो आणि नळीतल्या खाचांना घट्ट बसतो, त्यामुळे हवा निसटत नाही आणि छर्रा गरगर फिरत सरळ जातो. कडा एका बाजूने चेपली असेल तर तिथून हवा निसटते आणि मग चांगला धरलेला नेम सुद्धा उगाच भरकटतो आणि आपण बसतो आपल्या हातालाच दोष देत!

म्हणून निवडायला बसा. काच किंचित तिरकी ठेवा आणि छर्रा तिच्यावर लोळवा, मागची बाजू आणि डोकं सारख्या जाडीचे नसतात म्हणून तो थोडा वळत जातो, चांगले छर्रे साधारण एकाच वळणाने जातात आणि वाकडे लगेच वेगळे कळतात. टीव्ही बघत बघत होणारं काम आहे, आणि स्वस्त डब्याची अर्धी खोट इथेच निघून जाते.

सपाट तोंडच का, तर ते कागदाला गोल स्वच्छ भोक पाडतं, पंचने पाडल्यासारखं. गोल तोंडाचा छर्रा कागद फाडतो, कडा आत दुमडतात आणि नऊ गुण की दहा ते कळतच नाही. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा असतो, पण छर्‍याची कड त्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे भोकाचं केंद्र ठिपक्याच्या मध्यापासून २.५ मिमीच्या आत हवं. एवढ्या बारीक हिशेबात फाटलेलं भोक चालत नाही.

वजनाचं म्हणाल तर मॅच रायफलचे छर्रे बहुतेक ०.५३ ग्रॅमच्या आसपास असतात आणि सगळे जवळपास सारखे भरतात. स्वस्त डब्यात वजन वर-खाली असतं. पण १० मीटरवर त्याचा फरक स्प्रिंगवाल्या रायफलीत झाकला जातो, कारण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल आधी मागे, मग पुढे झटका देते. तुम्ही ती किती घट्ट धरलीय यावर ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या भोकांचा पुंजका, हलतो. पुढचा हात सैल ठेवा, रायफल तळहातावर नुसती टेकलेली हवी, दर वेळी त्याच जागी. हे जमलं की ग्रुप जेवढा आवळतो तेवढा महागडा डबा घेऊन पण आवळत नाही, हे माझं ठाम मत.

खटकलं ते एकच, डब्यावर डोक्याचं माप दिलेलं नाही. चांगल्या छर्‍यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं. इथे नशिबाचा भाग, छर्रा नळीत अंगठ्याने दाबताना हलका अडकला तर बरं, सुळकन आत गेला तर तो डबा तुमच्या रायफलीचा नाही. आणि २५ मीटर किंवा त्याच्या पुढे मारायचं असेल तर सपाट तोंड सोडाच, गोल तोंडाचेच घ्या.

पैसे वाचवायला स्टीलच्या गोळ्या मात्र खाचांच्या नळीत अजिबात घालू नका, खाचा खराब होतात आणि कडक जागेवर आपटल्या की उसळून आपल्याच अंगावर येतात. डोळ्याला चष्मा आणि टार्गेटमागे छर्रे अडवणारा पेटारा हवाच हवा. छर्रे तोंडात धरायची सवय असेल तर आजच मोडा, शिसं आहे ते. सराव झाला की साबणाने हात धुवा मगच काही खा, आणि डब्यातली भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मॅच रायफल असेल, स्पर्धेत उतरायचं असेल तर हे छर्रे तुमच्यासाठी नाहीत, तिथे मापाचेच घ्या. बाकीच्यांनी आधी एकच डबा आणून बघा, तुमच्या नळीला मानवला आणि वर लॉट नंबर छापलेला असेल तर त्याच लॉटचे अजून दोन-तीन लगेच उचला.