सोळा चॅनेलसाठी एकच मोठा इंटरफेस घ्यावा की आहे त्याला कन्व्हर्टर जोडावा?

आठ माइकचा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात पोहोचवणारे उपकरण, अपुरा पडू लागला की पुढच्या आठ चॅनेलचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. माझ्यापुढे तो भजनी मंडळांच्या रेकॉर्डिंगमुळे आला. पखवाजाला दोन माइक, पेटीला दोन, मुख्य गायकाला एक, झील धरणाऱ्यांना तीन-चार, टाळांना दोन आणि वीणेला एक, एवढ्यातच बारा चॅनेल भरतात. खोलीचा घुमारा घ्यायचा असेल तर आणखी दोन लागतात. वेगवेगळे गाऊन नंतर जोडण्याची कल्पना मंडळींना मानवत नाही, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मलाही वाटत नाही.

या अडचणीतून निघण्याच्या दोन सरळ वाटा आहेत. सोळा अ‍ॅनालॉग इनपुट असलेला एकच मोठा यूएसबी इंटरफेस घेणे ही पहिली. आणि ऑप्टिकल इनपुट असलेला सध्याचा इंटरफेस तसाच ठेवून त्याला आठ चॅनेलचा एडॅट कन्व्हर्टर, म्हणजे आठ माइकचा आवाज डिजिटल करून एकाच ऑप्टिकल केबलने इंटरफेसला देणारे उपकरण, जोडणे ही दुसरी. दोन स्वतंत्र यूएसबी इंटरफेस एकाच संगणकाला लावण्याची तिसरी वाट अनेकांना सुचते, पण ती मी विचारात घेतलेली नाही. विंडोजवर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर सहसा एका वेळी एकच आसिओ ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम) उघडते, आणि मॅकवर दोन्ही मिळून एकच 'अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस' करता आले तरी दोघांच्या आतल्या घड्याळांच्या क्रिस्टलांची चाल तंतोतंत सारखी नसते. दहा लाखात वीस इतका किरकोळ फरक असला तरी तासाभराच्या अखंड टेकमध्ये दोन्ही बाजू सुमारे ७२ मिलिसेकंदांनी एकमेकींपासून सरकू शकतात, आणि टाळ-पखवाजाच्या बाबतीत एवढा फरक कोणाच्याही कानाला खटकेल.

एकाच मोठ्या इंटरफेसचे गुण मी मोकळेपणाने मान्य करतो, कारण तीन वर्षे मी तेच वापरले. सगळे चॅनेल एकाच घड्याळावर चालतात, सिंकचा विचारच करावा लागत नाही, आणि सर्व इनपुट एकाच वेळेला संगणकात पोहोचतात. देवळात किंवा वारीच्या मुक्कामावर सामान घेऊन जाणाऱ्या माणसाला एकच वजन आणि एकच यूएसबी केबल सांभाळायची असते, ही सोय लहान नव्हे.

कन्व्हर्टरच्या वाटेवर मात्र सुरुवातीलाच थोडा अभ्यास करावा लागतो. एडॅटच्या एका ऑप्टिकल केबलमधून ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आठ चॅनेल जातात, आणि ९६ ला गेल्यास ते चारच उरतात. बेहरिंगरच्या एडीए ८२०० सारख्या लोकप्रिय कन्व्हर्टरमध्ये तर ४४.१ आणि ४८ एवढेच दोन पर्याय आहेत. माझ्या कामाला ४८ पुरेसे असल्यामुळे मला याची झळ लागली नाही, पण ज्यांना ९६ शिवाय चैन पडत नाही त्यांनी इथेच थांबून हिशेब करावा.

खरा घोळ होतो तो घड्याळाचा. दोघांपैकी एकच मास्टर असावा लागतो आणि दुसऱ्याने निमूटपणे त्याच्या मागे जावे लागते. मी पहिल्या दिवशी कन्व्हर्टरला ४८ वर मास्टर ठेवले आणि इंटरफेसही स्वतःच्या घड्याळावर चालू राहू दिला. पखवाज आणि टाळ वाजत असताना सगळे छान वाटले. रात्री नुसत्या तानपुऱ्याची पट्टी ऐकताना मात्र दर काही सेकंदांनी 'टिक' असा बारीक आवाज येऊ लागला. तो दिवसभर होताच, पण थापेखाली दडला होता. तेव्हापासून जोडणी केली की मी आधी दहा मिनिटे तानपुरा रेकॉर्ड करतो आणि हेडफोन लावून ऐकतो. मोजमापाचे दुसरे साधन माझ्याकडे नाही.

कन्व्हर्टरच मास्टर ठेवून इंटरफेसला त्याच्यामागे लावले तर टिक थांबते, पण दुसरा धोका उरतो. मागचा स्विच चुकून ४४.१ वर राहिला आणि सॉफ्टवेअरमधला प्रकल्प ४८ चा असला, तर खोलीत ऐकताना काहीच जाणवत नाही. फाइल मोबाइलवर लावली की काळी एक पट्टीत गायलेला अभंग वर चढून पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध लटकतो आणि लयही पळू लागते. काही ड्रायव्हर अशा वेळी टोकतात, माझ्या ड्रायव्हरने टोकले नाही. म्हणून आता मी इंटरफेस मास्टर ठेवतो, त्याच्या ऑप्टिकल आउटपुटमधून दुसरी केबल कन्व्हर्टरच्या इनपुटला देतो आणि कन्व्हर्टरचा स्विच एडॅट-इनवर कायमचा चिकटपट्टीने बंद करून टाकला आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कन्व्हर्टरकडून येणारा आवाज इंटरफेसच्या स्वतःच्या इनपुटपेक्षा किंचित उशिरा पोहोचतो. दोन माइक एकमेकांना चिकटवून समोर एकदा चिपळी वाजवली, एक इंटरफेसला आणि दुसरा कन्व्हर्टरला दिला, आणि पडद्यावर लहर मोठी करून पाहिली तेव्हा फरक सुमारे चाळीस नमुन्यांचा भरला, म्हणजे मिलिसेकंदापेक्षा थोडा कमी. माइक जवळजवळ फूटभर मागे सरकवल्यासारखे हे आहे. वेगवेगळ्या वाद्यांसाठी त्याने काही बिघडत नाही. मात्र पखवाजाच्या धुम्याचा आणि शाईचा माइक दोन वेगळ्या उपकरणांत गेला की आवाज पोकळ होतो. जोडीचे माइक नेहमी एकाच उपकरणात लावावेत.

एवढी कटकट सांगूनही माझा कल कन्व्हर्टरकडे का आहे, हे सांगायला हवे. संगणकाची प्रणाली एका रात्री अद्ययावत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या इंटरफेसचे सोळाही चॅनेल सॉफ्टवेअरमधून नाहीसे झाले. दिवे लागत होते, लेव्हलच्या पट्ट्या हलत होत्या, पण संगणकाच्या लेखी ते उपकरण नव्हतेच. बाहेर अकरा जणांचे मंडळ टेंपोतून उतरून चहा घेत होते. त्या दिवशी दोन चॅनेलच्या लहानशा साउंड कार्डावर सगळा गजर उतरवला. नवा ड्रायव्हर सात आठवड्यांनी आला. मधल्या काळात एवढे मोठे, उत्तम प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारा भाग) असलेले यंत्र रॅकमध्ये नुसते उजेड पाडत होते, हे मला अजूनही पटत नाही.

एडॅट कन्व्हर्टरला ड्रायव्हर नसतो. १९९० च्या दशकातल्या टेप-रेकॉर्डरसाठी अलेसिसने आखलेली ही जोडणी आजही तशीच चालते, आणि संगणकाशी बोलण्याचे काम फक्त पुढच्या इंटरफेसकडे राहते. गेल्या वर्षी माझा इंटरफेस दुरुस्तीला गेला तेव्हा एका मित्राकडून ऑप्टिकल इनपुट असलेला जुना इंटरफेस आणला, आणि चहा निवायच्या आत कन्व्हर्टरचे आठ चॅनेल पडद्यावर दिसू लागले. वेगळा ड्रायव्हर न लागणारे क्लास-कम्प्लायंट मोठे इंटरफेसही मिळतात आणि त्यांच्या मालकांना माझा अनुभव कदाचित येणार नाही, हे मान्य आहे. सतत बाहेर फिरणाऱ्यांनी तसाच एखादा घ्यावा असे मीही सुचवेन.

एका खोलीत बसून काम करणाऱ्याने कन्व्हर्टर निवडताना मागच्या बाजूला ऑप्टिकल इनपुट किंवा वर्ड क्लॉकचे (बाहेरच्या घड्याळाचा इशारा घेणारे) बीएनसी सॉकेट आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे. केवळ आउटपुट असलेले काही स्वस्त मिळतात, आणि त्यांना मास्टर ठेवण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही.