गच्ची, गॅलरी की शेत: शॉर्टवेव्हसाठी कुठली तार आणि कुठला एसडीआर?

शॉर्टवेव्हकडे नव्याने वळलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "एसडीआर कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, तार कुठे टांगणार? गावाकडच्या घरामागे पंधरा मीटर तारेला लावलेलं तीन-चार हजारांचं डोंगल (लॅपटॉपला खोचायचा छोटा रिसीव्हर) ठाण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या महागड्या रिसीव्हरला सहज मागे टाकतं. म्हणून इथे अँटेना आणि रिसीव्हर जोडीनेच तोलले आहेत. पत्रिका जुळली नाही तर दोन्हीकडची मंडळी चांगली असूनही लग्न टिकत नाही, तसंच हे.

एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, ही अँटेनाकडून आलेल्या सिग्नलचे आकडे करून लॅपटॉपला देणारी डबी. स्टेशन निवडणं, खरखर कापणं, आवाज काढणं ही सगळी कामं सॉफ्टवेअर करतं. मोठा फायदा असा की अख्खा बँड पडद्यावर दिसतो. ३१ मीटर बँडवर, म्हणजे ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झमध्ये, कोण कुठे बोलतंय हे डायल न फिरवता कळतं. बँडचा तासभराचा तुकडा तसाच साठवून रविवारी निवांत ऐकताही येतो.

आधी घरातली खरखर

काहीही विकत घेण्याआधी बॅटरीवर चालणारा कुठलाही शॉर्टवेव्ह रेडिओ हातात घेऊन रात्री घरभर फिरा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अडॅप्टर, लिफ्टचा मोटर ड्राइव्ह, गच्चीवरचा सोलर इन्व्हर्टर हे सगळे शॉर्टवेव्हवर आपापला आवाज काढतात. लोडशेडिंग या कामी फार उपयोगी आहे. वीज गेली की रेडिओ लावा. अचानक स्टेशनं वर आली, तर दोष तुमच्या रेडिओचा नव्हता, इमारतीचा होता. आणि वीज गेल्यावरही काही ऐकू येत नसेल, तर तुमच्या आणि आकाशाच्या मध्ये सिमेंट आणि सळया आहेत. तिथे खिडकीबाहेर काढलेली दोन मीटर तारसुद्धा फरक पाडते.

सोसायटीत राहणाऱ्याने या कसोटीआधी पाकीट उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

लाँगवायर, लूप आणि मिनीव्हिप

लाँगवायर सगळ्यात स्वस्त. घराच्या वायरिंगची एक स्क्वेअर एमएमची वायर, दहा ते वीस मीटर, एका टोकाला प्लास्टिकचा इन्सुलेटर, दुसऱ्या टोकाला तार आणि केबल यांची जुळणी करणारा ९:१ ट्रान्सफॉर्मर. ४३ नंबरच्या फेराइटच्या रिंगवर तीन तारा एकत्र पिळून आठ-नऊ वेढे दिले की ट्रान्सफॉर्मर झाला. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रिंग मागितलीत तर हातात काहीही पडू शकतं. सगळ्या रिंगा काळ्या-करड्याच दिसतात, मटेरियल नजरेने ओळखता येत नाही, त्यामुळे ही एक वस्तू नंबर बघून ऑनलाइन मागवलेली बरी. खाली उतरायला टीव्हीची आरजी-६ केबल चालते. ती ७५ ओहमची आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण नुसतं ऐकायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही.

बिघडतं ते अर्थिंगमध्ये. ट्रान्सफॉर्मरची जमिनीची बाजू घराच्या वायरिंगच्या अर्थला जोडली की घरभरचे चार्जर सरळ अँटेनात येतात. तारेच्या पायथ्याशी जमिनीत वेगळी सळई ठोकावी. मग केबल घरात शिरते तिथे ३१ नंबरच्या मोठ्या रिंगवर तिचे दहा-बारा वेढे द्यावे, म्हणजे लॅपटॉपची खरखर केबलच्या जाळीवरून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनावरून) वर चढत नाही. हा चोक न लावता "लाँगवायर काही कामाची नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत. एकच बँड मनापासून ऐकायचा असेल आणि जागा असेल तर डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली तार, करा. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये एकूण लांबी मिळते. ९.६ मेगाहर्ट्झसाठी पंधरा मीटर, मध्यावर कापलेली.

लूप गॅलरीवाल्यांसाठी. साधारण एक मीटर व्यासाचं वर्तुळ लहरींच्या चुंबकीय भागावर काम करतं, त्यामुळे घरातल्या जवळच्या खरखरीचा बराचसा भाग तिच्यात शिरत नाही. शिवाय ती फिरवता येते. लूपच्या पातळीतल्या दिशेकडून सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि काटकोनातल्या दिशेकडून जवळजवळ काहीच नाही. शेजारच्या इमारतीतला एखादा दिवा त्रास देत असेल तर लूप थोडी वळवून त्याला त्या बहिऱ्या दिशेत बसवता येतं. हे लाँगवायरला कधीच जमणार नाही.

घरगुती लूपमध्ये मला सगळ्यात आवडते ती कोॲक्सची (टीव्हीच्या केबलसारख्या जाळीवाल्या केबलची), जिला बाजारात यूलूप म्हणतात. केबलचे दोन सारखे तुकडे, प्रत्येकी दीड मीटर. वरच्या जोडावर एका तुकड्याची आतली तार दुसऱ्याच्या जाळीला आणि जाळी आतल्या तारेला जोडायची, खाली छोटा १:१ ट्रान्सफॉर्मर. ॲम्प्लिफायर नाही, वीजपुरवठा नाही, बिघडण्यासारखं काही नाही. पण सिग्नल फार क्षीण देते, आणि त्याचा परिणाम पुढे रिसीव्हर निवडताना दिसतो. तयार मिळणारी स्वस्त एमएलए-३० प्लस उलट स्वभावाची: ॲम्प्लिफायरमुळे सिग्नल भरपूर, पण जवळ मीडियम वेव्हचं मोठं ट्रान्समीटर असेल तर तिचा ॲम्प्लिफायरच आधी गुदमरतो.

मिनीव्हिपची कल्पना सुंदर आहे. तांब्याचा पत्रा असलेला तळहाताएवढा सर्किट बोर्ड, एक एफईटी (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार), एक साधा ट्रान्झिस्टर, आणि १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं. नेदरलँड्समधल्या एन्शेडे इथल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या प्रसिद्ध वेबएसडीआरला, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही ऐकता येणाऱ्या रिसीव्हरला, मिनीव्हिपच आहे. ती बघून लोक घरात खिडकीशी मिनीव्हिप चिकटवतात आणि फसतात. ती विद्युत क्षेत्र पकडते, आणि घरात विद्युत क्षेत्र म्हणजे निव्वळ खरखर. इमारतीच्या वर उघड्या खांबावर, पायथ्याशी चांगलं अर्थ असेल तरच तिचा विचार करा. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असेल तर हा पर्याय तूर्त सोडून द्या.

डब्यांची गोष्ट

आरटीएल-एसडीआर डोंगल मुळात डिजिटल टीव्हीसाठी बनलेल्या चिपवर उभं आहे. आठ बिट म्हणजे सिग्नल मोजायला २५६ पायऱ्या. व्हर्जन ३ मध्ये शॉर्टवेव्ह ऐकायची तर ट्यूनर वगळून थेट सॅम्पलिंग करावं लागतं (सिग्नलचे सरळ आकडे), आणि १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून येतं: १५ मेगाहर्ट्झचं स्टेशन १३.८ वरही भुतासारखं उभं. व्हर्जन ४ मध्ये आतच अपकन्व्हर्टर (शॉर्टवेव्ह वरच्या फ्रिक्वेन्सीवर उचलून नेणारा भाग) आहे, त्यामुळे ही भुतं गेली. २५६ पायऱ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. शॉर्टवेव्हसाठी आज डोंगल घ्यायचं तर व्हर्जन ४ घ्या, आणि त्याला स्वतःचं ड्रायव्हर लागतं हे विसरू नका.

पायऱ्या कमी असण्याचा अर्थ हडपसरच्या माणसाला लगेच कळेल. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झचं १०० किलोवॉटचं ट्रान्समीटर जवळच आहे, आणि त्या एका दांडग्या सिग्नलपुढे दूरच्या बारीक स्टेशनांना पायऱ्याच उरत नाहीत. मुंबईत १०४४ आणि ५५८ किलोहर्ट्झचं तेच. अशा ठिकाणी मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर डोंगलच्या आधी लावावाच लागतो.

एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी माझ्या मते शॉर्टवेव्हच्या श्रोत्यासाठी सगळ्यात शहाणी खरेदी आहे. कंपनीची किंमत १६९ डॉलर, वर टपाल आणि कस्टम्स. बारीक सिग्नल ऐकण्याची ताकद आणि जवळचा दांडगा सिग्नल सोसण्याची ताकद, दोन्ही एकत्र. पडद्यावर एका वेळी ६६० किलोहर्ट्झच दिसतात, म्हणून काही जण नाक मुरडतात. पण ४९, ३१ आणि २५ मीटर हे तिन्ही बँड एकेक करून त्यात पूर्ण मावतात. १९ मीटर तेवढा, १५.१ ते १५.८, थोडा बाहेर राहतो. मला याची अडचण कधी वाटलेली नाही.

एसडीआरप्ले आरएसपी१बी १४ बिटचा, म्हणजे १६,३८४ पायऱ्या, आणि १० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पडदा. जाहिरातीत या दोन गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात, एकत्र मात्र मिळत नाहीत. पडदा रुंद केला की बिट कमी होत जातात, आणि पूर्ण १० मेगाहर्ट्झला ते डोंगलइतके आठवर येतात. एरवी बहुगुणी वस्तू आहे: शॉर्टवेव्हपासून २ गिगाहर्ट्झपर्यंत, विमानं आणि उपग्रहसुद्धा. आवडी विखुरलेल्या असतील तर हा घ्या. निव्वळ शॉर्टवेव्हसाठी मी एअरस्पायकडे झुकेन.

टेकसन पीएल-३३० सारखा खिशातला रेडिओ या शर्यतीत नाही, पण तो जवळ असावाच. एसएसबी (हौशी रेडिओवाल्यांची बोलण्याची पद्धत) आहे, लाँगवेव्ह (मीडियम वेव्हच्याही खालचा पट्टा) आहे, आणि वर सांगितलेली खरखरीची फेरी त्यावर होते. कीवीएसडीआर हे मुख्यतः आपला रिसीव्हर इंटरनेटवरून जगाला वापरायला देणाऱ्यांचं खेळणं. पहिला महिना मात्र तुम्ही दुसऱ्यांनी ठेवलेले कीवी फुकट वापरा. कानाला सवय होते, आणि शॉर्टवेव्हवर आज काय उरलंय ते पैसे घालण्याआधी कळतं.

उरलंय त्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी २०२० अखेर बंद झाली. चायना रेडिओ इंटरनॅशनल जिकडेतिकडे आहे, रेडिओ रोमानिया आणि न्यूझीलंडचं आरएनझेड पॅसिफिक शोधून ऐकण्याजोगे आहेत. खरी गंमत मात्र स्टेशनांपलीकडे आहे: मॉस्कोचा आरडब्ल्यूएम हा वेळेचा संकेत ४९९६, ९९९६ आणि १४९९६ किलोहर्ट्झवर, आग्नेय आशियातली विमानांसाठीची हवामान-वार्ता ६६७६ आणि ११३८७ वर, आणि सकाळ-संध्याकाळ ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये गप्पा मारणारे भारतीय हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, एलएसबीवर (एसएसबीचाच एक प्रकार). सरकारी किंवा सुरक्षा दलांचं बोलणं कानावर पडलं तर ते रेकॉर्ड करून पसरवू नका. कायद्याच्या दृष्टीने ते महागात पडू शकतं.

कुणी काय घ्यावं

शहरातला फ्लॅट आणि फक्त गॅलरी: कोॲक्सची लूप आणि एअरस्पाय. ही जोडी अभेद्य आहे. तीच लूप साध्या डोंगलला लावलीत तर दोघेही मुके, कारण क्षीण सिग्नल उचलायला डोंगलचे कान पुरत नाहीत. डोंगलवरच भागवायचं असेल तर एमएलए-३० सारखी ॲम्प्लिफायरवाली लूप आणि सोबत फिल्टर, आणि मुंबई-पुण्यातल्या ट्रान्समीटरांपासून अंतर.

गावातलं घर, झाड, मोकळी जागा: लाँगवायर आणि व्हर्जन ४ डोंगल. खर्च पाच हजारांच्या आत बसतो. इथे एअरस्पाय घेऊन फरक पडेल, पण पहिल्या वर्षी तो जाणवणार नाही. त्यापेक्षा डायपोल आणि चोकवर पैसे घाला. तार फार लांब केलीत, तीस-चाळीस मीटर, तर डोंगल पुन्हा गुदमरतं. डोंगलसाठी पंधरा मीटरवर थांबावं.

इमारतीची गच्ची मिळते पण घर खाली चौथ्या मजल्यावर: आरएसपी किंवा एअरस्पाय, आणि वर मिनीव्हिप किंवा छोटी लाँगवायर. केबल लांब पडणार म्हणून दोन्ही टोकांना चोक हवेत.

लाँगवेव्हचं वेगळंच आहे

१४८.५ ते २८३.५ किलोहर्ट्झवरची प्रसारणं युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया आणि मंगोलियापुरती. भारतात या पट्ट्यात विमानतळांचे दिशादर्शक असतात, मोर्समध्ये आपली दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा सांगणारे. युरोपातही हा बँड रिकामा होत चाललाय: फ्रान्सचं १६२ डिसेंबर २०१६ अखेर, आयर्लंडचं २५२ एप्रिल २०२३ मध्ये बंद. १६२ वर नुसता वेळेचा संकेत उरलाय. तो ऐकायला ट्वेंटेचा वेबएसडीआर उघडणं हाच इथून व्यवहार्य मार्ग आहे.

तरी दिशादर्शकांसाठी फ्रेम लूप करून बघण्यासारखी आहे. एक मीटरची लाकडी चौकट, वीस-पंचवीस वेढे, जुन्या रेडिओचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), त्याचे दोन्ही भाग समांतर जोडलेले. लाँगवायर इथे शहरात निरुपयोगी, कारण खरखर जितकी खाली जाल तितकी वाढते. रिसीव्हर एअरस्पायच हवा. तो अर्ध्या किलोहर्ट्झपासून सुरू होतो, त्यामुळे तमिळनाडूतल्या विजयनारायणम इथून नौदलाच्या पाणबुड्यांसाठी १८.२ किलोहर्ट्झवर होणारं प्रक्षेपण पडद्यावर रेघ म्हणून दिसतं. ऐकण्यासारखं त्यात काही नाही, पण ती रेघ बघायला मला आवडते.

सामान ऑक्टोबरात मागवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खालचे बँड सगळ्यात शांत असतात. एप्रिल-मेपासून विजांची कडकड सुरू होते आणि लाँगवेव्ह, मीडियम वेव्ह जवळजवळ बसतात. वळीव सुरू झाला की केबल रिसीव्हरमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही.