बर्लेस्कचा सहा आठवड्यांचा कोर्स: पैसे वसूल, पण गोंद स्वतःचा न्या

आधी मार्क देऊन टाकते, ५ पैकी साडेतीन, आणि जो दीड गेला तो कशात गेला हे सांगायलाच एवढं लांबलचक लिहितेय. पूर्व लंडनमध्ये एका पबच्या वरच्या मजल्यावर भरणारा नवशिक्यांचा बर्लेस्क कोर्स, सहा मंगळवार, दर वेळी दोन तास, आणि शेवटी खाली पबातच ओळखीच्या माणसांसमोर छोटा शो. फी १६० पौंड. क्लासचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी आहेत आणि शिकवणारी बाई मनाने फार चांगली आहे, शिवाय लंडनमध्ये असे क्लास बरेच आहेत, तुम्ही कुठेही गेलात तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

ज्यांना बर्लेस्क म्हणजे फक्त कपडे काढणं वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात. मुळात हा टर उडवायचा प्रकार, शब्दच इटालियनमधल्या थट्टेवरून आलाय. आपल्या वगात राजा आणि प्रधानाची खेचतात ना, तसं इथल्या बायका मोठमोठ्या गंभीर नाटकांची खेचायच्या. १८६८ मध्ये लिडिया थॉम्पसन लंडनहून आपली मंडळी घेऊन न्यूयॉर्कला गेली, बायकांनी घट्ट पायमोजे घालून पुरुषांच्या भूमिका केल्या आणि तिथे एकच गहजब झाला. मग पुढे अमेरिकेत त्यात स्ट्रिपटीज शिरलं, १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेयर ला गार्डियाने थिएटरं बंद पाडली, आणि १९९० नंतर पोरींनी ते परत उकरून काढलं, आता बघायला येणाऱ्यांत बायकाही भरपूर असतात. पहिल्या मंगळवारी बाईंनी हे सगळं अर्ध्या तासात सांगितलं, छान सांगितलं, पण त्या अर्ध्या तासात अंगाला लावायचा गोंद शिकवला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं (गोंदाचं पुढे सांगते).

मी कोण, तर मंडळाच्या गणपतीत दरवर्षी लावणी करणारी, बाकी वर्षभर एक्सेल शीट भरणारी. त्यामुळे मला वाटलं आपल्याला सोपं जाईल, नजर येते, ठेका येतो, लाज तर केव्हाच गेलेली. आणि नजरेचं खरंच सोपं गेलं. पण बाकी सगळं उलटं निघालं हो. लावणीत आपली सगळी इंजिनिअरिंग काही सुटू नये यासाठी असते, काष्ट्याला पिना, पदराला पिना, कंबरपट्ट्याखाली परत एक पीन, घुंगरांची दोरी दोनदा गाठ मारून. इथे सगळी इंजिनिअरिंग सुटावं यासाठी, तेही नेमक्या ठोक्यावर, एका हाताने, न बघता आणि हसत हसत. हे डोक्यात शिरायला मला तीन आठवडे लागले. (आणि दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाहीये, लावणी कितीतरी बायकांच्या पोटाचा प्रश्न होती आणि आहे, आमच्या वर्गातल्या सगळ्या हौशी, बुधवारी सकाळी परत ऑफिसला.)

ग्लोव्हजना दोन पूर्ण क्लास दिले आणि ते दोन क्लासच १६० पौंडांचे आहेत असं समजा. कोपराच्या वरपर्यंत येणारे सॅटिनचे ग्लोव्हज. मी आपली ओढून काढायला गेले तर अर्ध्यात अडकला आणि उलटा झाला, हाताला पिशवी अडकल्यासारखी दिसत होते. पद्धत अशी की आधी एकेक बोट टोकाला धरून जरासं सैल करायचं, पाचही, तेही गाण्याच्या मात्रेवर, आणि लोकांना वाटतं ही किती छळतेय, प्रत्यक्षात तुम्ही फक्त कापड मोकळं करत असता. मग वरून खाली सरकवायचा, मग शेवटी ओढायचा. दाताने ओढणार असाल तर लिपस्टिक न उतरणारी लावा, माझा एक ग्लोव्ह कायमचा लाल झालाय. अंगठ्या घरी ठेवा. हा भाग करताना मला बैठकीची लावणी आठवत राहिली, यमुनाबाई वाईकरांसारख्या बाया बसल्या जागी नुसत्या हाताने आणि भुवईने जे करायच्या ते. बाईंना सांगितलं तर त्यांनी क्लासमध्ये मला करून दाखवायला लावलं, जमिनीवर बसून, आणि पोरी अक्षरशः ओरडल्या. त्या दिवशी मी ५ पैकी ५ दिले असते.

कपडे घालायचा क्रम हा दुसरा उपयोगी धडा. जे आधी काढायचं ते सगळ्यात वर, ऐकायला सोपं वाटतं, पण सस्पेंडर बेल्ट (लांब मोजे वर धरून ठेवणारा कंबरेचा पट्टा) आणि स्टॉकिंगच्या क्लिपा आधी लावायच्या आणि निकर त्यावरून घालायची हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही, उलट घातलं तर आधी चारही क्लिपा सोडत बसावं लागतं आणि गाणं संपतं. स्टॉकिंग काढायच्या आधी बूट काढायला लागतो, म्हणजे बारीक बकलवाला पट्ट्याचा बूट बाद. कॉर्सेटला (कंबर आवळणारी ताठ चोळी) पुढे धातूच्या कड्या असतात, त्या नुसत्या खेचून उघडत नाहीत, मागच्या नाड्या थोड्या सैल असाव्या लागतात, मग दोन्ही बाजू पोटाकडे दाबल्या की पट पट सुटतात. नाड्या आवळलेल्या असताना जोर लावला तर पुढची पट्टी वाकते, आमच्या एकीची वाकली.

आणि चेन. मागे चेन असलेला ड्रेस घेऊच नका. मी घेतला, मग आमच्या मंडळाच्या नऊवारी नेसवणाऱ्या काकूंकडे घेऊन गेले, कशासाठी ते सांगायचं की नाही यावर ट्रेनमध्ये विचार करत. काकूंनी ड्रेस उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अगं स्टेजवर काढायचाय ना हा, मग चेन कशाला, ऐन वेळी अडकेल, मोठी टिचबटणं लावून देते." एवढंच. वर सांगितलं की चेन ठेवायचीच असेल तर तिच्यावर मेणबत्ती घास. वेल्क्रो लावू का विचारलं तर म्हणाल्या त्याचा चर्र आवाज येतो आणि मोज्याचे धागे ओढतं. क्लासमध्ये हे वेल्क्रोचं चौथ्या आठवड्यात, एकीची स्टॉकिंग फाटल्यावर कळलं. म्हणजे या एका बाबतीत काकूंना ५ पैकी ५ आणि क्लासला २.

आता गोंद. छातीवर टिकलीसारखे जे झाकण लावतात त्याला पेस्टी म्हणतात (बेकरीत बटाटा भरलेली मिळते तिचं स्पेलिंग तेच, उच्चार वेगळा, मागवताना सांभाळा), आणि ती चिकटवायला काहीतरी लागतं. आमच्या क्लासमध्ये पाचव्या आठवड्यात एकच बाटली सगळ्यांत फिरवली, स्पिरिट गम, नाटकवाले दाढीमिशा चिकटवायला वापरतात तोच, झाडाचा राळ अल्कोहोलमध्ये विरघळवलेला. कोणी विचारलं नाही की कुणाला ऍलर्जी आहे का, आदल्या दिवशी हाताला थोडा लावून बघा असं कोणी सांगितलं नाही. लावताना झणझणलं, मला वाटलं असंच असतं. घरी आले तर नाण्याएवढे दोन लाल गोल, आणि ते काढताना आमच्याकडे रिमूव्हर नव्हता म्हणून ओढून काढलेलं, त्यामुळे वरची कातडीही थोडी गेली. आठवडाभर सुती बनियन घालून ऑफिसला गेले. माझा पाऊण मार्क इथे गेला आणि अजून राग आहे.

त्यानंतर मी सगळं स्वतः करून बघितलं ते सांगते. विग चिकटवायची दुहेरी टेप सगळ्यात सोपी, पेस्टीच्या कडेला कडेला गोल लावायची, मधे नाही, मधली नाजूक जागा मोकळी सोडायची. चामडी आधी कोरडी आणि बिनतेलाची पाहिजे, त्या दिवशी बॉडी लोशन अजिबात नाही, लावायच्या आधी स्पिरिटचा बोळा फिरवून वाळू द्यायचं. खूप घाम येणाऱ्यांना टेप पुरत नाही, मला आला, स्टेजवरचे दिवे तापतात. मग प्रॉस-एड घेतला, सिनेमात नकली जखमा वगैरे चिकटवायला वापरतात तो पाण्यावर आधारलेला गोंद, पांढरा लावायचा आणि पारदर्शक होईपर्यंत थांबायचं, घाईत दाबला तर नीट धरत नाही. मला झणझणला नाही, पण तरी आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघाच. पापण्यांचा गोंद लहान हलक्या पेस्टीपुरता ठीक, पण बऱ्याच गोंदांत लेटेक्स असतं, फुगे फुगवताना ज्यांचे ओठ सुजतात त्यांनी दूर राहा. घरातला पटकन चिकटणारा गोंद कुणीही कधीही नाही, हे लिहायला लागू नये पण क्लासमध्ये एकीने विचारलं होतं. आणि काढताना खोबरेल तेल, कडेने जिरवायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं, आपोआप सुटतं. आपल्या घरात बाटली असतेच.

पेस्टीला लटकणारे गोंडे फिरवायचं मात्र मस्त शिकवलं. सगळ्यांना वाटतं छाती हलवायची, पण ते गुडघ्यातून येतं, गुडघे बारीक उडते ठेवायचे की गोंडा आपोआप गोल पकडतो, खांदे फिरवले की दिशा. स्वस्तातला गोंडा थेट शिवलेला असतो, तो दोन वेढ्यांत दोऱ्याभोवती गुंडाळून बसतो. मासेमारीच्या दुकानात गळाला लावायची छोटी फिरती कडी मिळते ती मधे लावली की प्रश्न मिटला, पूर्ण कोर्समधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू. दुकानदाराने कुठला मासा विचारलं, मी म्हटलं अजून ठरलं नाही.

पंख्यांबद्दल फार नाही लिहीत, एकच क्लास झाला. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅली रँडने शहामृगाच्या पिसांचे दोन पंखे घेऊन नाच केला, पोलिसांनी धरलं आणि ती आणखीच गाजली, तेव्हापासून हा प्रकार लोकांना माहीत झाला. दिसायला हलके दिसतात, दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. विकत घ्यायची घाई करू नका, चांगली जोडी शंभर पौंडांच्या खूप वर जाते आणि ठेवायला जागा लागते, चेपली की पिसं मोडतात, थोडी मुरगळलेली असतील तर वाफेवर धरली की उठतात.

शोच्या दिवशीच्या गोष्टी बाईंनी घाईघाईत एका व्हॉट्सऍप मेसेजमध्ये सांगितल्या, त्या खरं तर पहिल्या दिवशी सांगायच्या. चार-पाच मिनिटांच्या वर गाणं नको, फाइल आधी पाठवा आणि तरी पेनड्राइव्हवर न्या, नेटवरून वाजवायच्या भरवशावर राहू नका. सुटी चमकी नको, तुमच्या नंतरची पोरगी त्यावर घसरते आणि पबवाला झाडत बसतो. उतरवलेले कपडे गोळा करायला एक मुलगी असते तिला स्टेज किटन म्हणतात, तिला आधी भेटून कुठे काय पडेल ते सांगा, माझा एक ग्लोव्ह माइकच्या स्टँडवर लटकत राहिला आणि पुढची बाई तसाच नंबर करून गेली. अनवाणी उतरणार असाल तर फरशी स्वतः चालून बघा, पब आहे, काच असते. फोटोचा नियम शो सुरू व्हायच्या आधी माइकवरून सांगायला लावा. आमच्याकडे तो सांगितला गेला तिसऱ्या नंबरनंतर. अर्धा मार्क इथे. ज्यांचं ऑफिस, सासर, व्हिसा असं काही आहे त्यांनी स्टेजचं नाव वेगळं घ्या, मी घेतलंय, सांगणार नाही.

आणि उरलेला पाव मार्क लायसन्सच्या गोष्टी न सांगितल्याबद्दल. कोर्स झाल्यावर दोघीतिघींना वाटलं आपणच महिन्याला शो लावू. तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००९ च्या एका कायद्याने कौन्सिल (म्हणजे आपली नगरपालिका) कपडे काढायच्या कार्यक्रमाला वेगळं लायसन्स मागू शकते, बर्लेस्क त्यात धरायचं की नाही यावर प्रत्येक कौन्सिलचं वेगळं. वर्षात ११ च्या वर नाही आणि दोहोंमध्ये निदान महिन्याचं अंतर असेल तर सूट असते. म्हणजे दर महिन्याला म्हणत बारावा केलात की अडकलात. पबच्या मालकाला माहीत असेल असं धरू नका, कौन्सिलला मेल टाका.

तर जा का? जा. तिशी-चाळिशीतल्या, सुटलेल्या पोटाच्या, कधीच नाच न केलेल्या सगळ्या होत्या आणि एकदाही कोणी वजनावरून बोललं नाही, मंडळाच्या तालमीत हे मला कधी मिळालेलं नाही. पिशवीत स्वतःची टेप, स्वतःचा गोंद, खोबरेलची छोटी बाटली, चार सेफ्टी पिना आणि जास्तीची एक स्टॉकिंग टाका. बाईंना मी गोंदाबद्दल मोठा मेल लिहिला होता, उत्तर आलं, माफी मागितली आणि पुढच्या बॅचला आधी चाचणी करायला लावेन म्हणाल्या, लावतात का ते बघणारी एक मैत्रीण त्या बॅचमध्ये आहे. काकूंनी परवा विचारलं, टिचबटणं टिकली का गं. टिकली म्हटलं, सगळी वेळेवर सुटली.