युब्लॉक ओरिजिन: लपून मायनिंग करणाऱ्या साइट्सवर फुकटातला भारी उपाय

भावाच्या जुन्या लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती नि नको त्या स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेंशन टाकून दिलंय, आणि खरंच सांगतो, मस्त चीज आहे. फुकट क्रिकेट दाखवणारी एक साइट उघडली की पंखा नुसता घोंघावायचा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के, टॅब बंद केला की झटक्यात खाली, म्हणजे साइट गुपचूप आपल्या मशीनवर मायनिंग करून मोनेरो नावाचं क्रिप्टो चलन कमावणार, वीज आपली जळणार, लॅपटॉप आपला तापणार आणि मोनेरो जाणार भलत्याच्याच खिशात! आता तीच साइट एकदम शांत चालते.

साइट्सना असा मायनर (मायनिंगचा कोड) पुरवणारं कॉइनहाइव्ह २०१९ ला बंद पडलं म्हणून हा प्रकार संपला असं समजू नका. फायरफॉक्समध्ये ६९ व्हर्जनपासून मायनर ब्लॉकिंग आपोआप चालू असतं, तरी युब्लॉक हवंच, कारण मायनर आणणाऱ्या फालतू जाहिराती नि पॉपअपसुद्धा ते अडवतं. अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही चालतं. क्रोमवाल्यांना मात्र युब्लॉक ओरिजिन लाइट या हलक्या आवृत्तीवर भागवावं लागतं, ते तेवढं दमदार नाही.

एक आहे, क्रॅक सॉफ्टवेअरसोबत मशीनमध्येच घुसलेला मायनर युब्लॉकला दिसत नाही, आणि त्यातले काही इतके चालू असतात की टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. त्यासाठी विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मारा, तोही फुकटच आहे. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.