निफाडच्या थंडीत मधमाशांच्या पेट्या: गोणपाट, थर्माकोल की आतून पॅकिंग?

डिसेंबर लागला की निफाडकडे पारा कधी कधी पार पाच-सहावर येतो, आणि कांद्याच्या बियाण्यासाठी, म्हणजे डेंगळ्यांवर (कांद्याच्या फुलोऱ्यावर) परागीभवनाला ठेवायला ज्यांनी नव्यानेच मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय जातीच्या पाळीव मधमाशांच्या पेट्या घेतल्यात ते सगळे एकच विचारतात, वरून काय पांघरायचं? मी तिन्ही करून बघितलंय म्हणून सांगतो.

आधी हे समजून घ्या की माशा अख्खी पेटी तापवत नाहीत, स्वतःचा झुबका तेवढा गरम ठेवतात. साधारण १४ अंशांच्या खाली गेलं की एकमेकींना बिलगतात, पंखांचे स्नायू थरथरवतात आणि मधोमध पिलावा (अंडी-अळ्या) असेल तर तिथं ३४-३५ अंश राखतात, आणि हे सगळं मध खाऊनच चालतं.

त्यामुळे माझं मत विचाराल तर पहिलं आतून पॅकिंग. दहा चौकटींच्या पेटीत माशा पाच-सहा चौकटींवरच असतील तर रिकामी पोळी काढून घ्या, डमी बोर्ड, म्हणजे चौकटीच्या मापाची साधी फळी सरकवा आणि त्याच्या मागे कोरडं भुसकट पिशवीत भरून ठासा. खर्च जवळपास शून्य, फरक सगळ्यात जास्त.

गोणपाट चांगलंच, पाच-दहा पेट्या असतील तर नक्की वापरा, फक्त पुढची बाजू मोकळी ठेवा आणि दवाने भिजलं की काढून वाळत घाला. ओलं गोणपाट लावण्यापेक्षा न लावलेलं बरं, पेटी अजून गार पडते. पन्नास पेट्यांना मात्र हे रोजचं काढ-घाल झेपत नाही.

थर्माकोलचं लोक उलटं करतात, चारी बाजूंनी लावतात, मग सकाळचं ऊन लाकडाला लागत नाही आणि माझ्याकडे तरी तशा पेटीतल्या माशा उशिरा बाहेर पडायच्या. आपल्याकडे दुपारी पंचवीसच्या वर जातं हो, कॅनडासारखा चार महिने बर्फ नाहीये! थर्माकोल फक्त वर, आतलं झाकण आणि बाहेरचं झाकण यांच्यामध्ये. कारण खरा घात ओलीने होतो. पहिल्या वर्षी मी एक पेटी प्लास्टिकने गच्च गुंडाळली होती, आठवड्याने झाकण उचललं तर खालच्या बाजूला थेंबच थेंब लटकलेले आणि तळपाटावर ओल्या माशांचा थर. अजून आठवलं की वाईट वाटतं. झाकण गरम राहिलं की तिथं पाणी धरत नाही.

साखरेचा पाक द्यायचा तर दोन भाग साखर, एक भाग पाणी असा घट्ट, आणि थंडी पडायच्या आधीच, नंतर माशा तो नीट उचलत नाहीत.

दोन-तीन चौकटींचीच वसाहत असेल तर यातलं काहीच करत बसू नका, नोव्हेंबरातच ती दुसरीत मिळवून टाका. एक राणी काढावी लागते, जीवावर येतं, पण त्याशिवाय इलाज नाही. दोन खणांच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद ठेवायचा, दोन-तीन दिवसांत दारासमोर कागदाचा चुरा पडलेला दिसला की समजायचं, मिसळल्या.