घरी रोड बाईक जुळवताय? फ्रेम प्रेसफिट घ्यावी की आट्यांची

रोड सायकलची ॲल्युमिनियमची नुसती फ्रेम आणायची आणि बाकी सगळं घरी जुळवायचं असं एकदा डोक्यात बसलं की माणूस ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), चाकं, टायर, अगदी बार टेपच्या रंगासाठीसुद्धा रात्री जागवतो, आणि बॉटम ब्रॅकेट (बीबी, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ती बेअरिंग आणि त्यांचे कप) कुठल्या जातीचं आहे हे मात्र फ्रेम हातात पडल्यावर वाकून बघतो. मी तरी तसंच केलं. म्हणून ज्यांच्यासमोर सध्या दोन फ्रेम आहेत, एक प्रेसफिटवाली (बीबीचे कप नुसते दाबून बसवायचे), गुळगुळीत, केबल सगळ्या आतून, आणि दुसरी साधी आट्यांची (कप पिळून घट्ट करायचे), केबल बाहेरून, आणि काही केल्या ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या दोन्ही बांधून झाल्यात. ॲल्युमिनियम ६०६१ की ७००५, फोर्क कसला, वेल्ड किती साफ, यात शिरत नाही, ते तुम्ही आधीच वाचून पाठ केलेलं असणार.

आधीच सांगतो, दोन्ही फ्रेमवर सामान एकच होतं. पहिलीवरचं काढून दुसरीवर चढवलं, क्रँक तोच (२४ एमएम स्पिंडलचा, म्हणजे मधल्या आसाचा, तो दोन्हीकडे बसतो, फक्त कप बदलायचे), पेडल तेच, चाकं, सीटपोस्ट, खोगीर सगळं तेच. नवीन काय तर केबल आणि बीबी. त्यामुळे जो फरक पडला तो फ्रेमचाच असं मी धरून चाललोय, कुणाला पटत नसेल तर मान्य आहे.

प्रेसफिटचं कौतुक आधी करतो, कारण ती फ्रेम अजून आवडते. शेल म्हणजे फ्रेमची ती आडवी नळी जिच्यात बीबी बसतं. माझ्या प्रेसफिटचं, बीबी८६ मापाचं, शेल ८६.५ एमएम रुंद, आट्यांचं बीएसए मापाचं ६८, म्हणजे डाऊनट्यूब (हँडलकडून खाली येणारी तिरकी नळी) जिथे शेलला मिळते तिथे वेल्डरला भरपूर जागा आणि नळी मस्त जाड घेता येते. उभं राहून मारताना ती जास्त ताठ वाटायची. पण ती साईजनेही एक नंबर लहान होती, त्यामुळे ताठपणा शेलचा की साईजचा हे मी छातीठोक सांगणार नाही. दिसायला तर प्रश्नच नाही.

आता केबल. आतून केबल टाकण्याचा प्रकार पहिल्यांदा केला तेव्हा एक अख्खी संध्याकाळ गेली. डाऊनट्यूबच्या वरच्या भोकातून केबल आत जाते आणि खाली बाहेर यायच्या ऐवजी आतच वेटोळं करून बसते, मग लोहचुंबक लावा, फ्रेम उलटी करा, टॉर्च मारा, सगळं झालं. शेवटी शिवायच्या दोऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा बांधला, वरच्या भोकात सोडला आणि खालच्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावली, एका सेकंदात दोरा पलीकडे, मग दोऱ्याला केबल चिकटपट्टीने बांधून हळूहळू ओढली. ही युक्ती जमली की आतल्या केबलची भीती जाते, खरंच. जुनी केबल काढतानाच तिच्या शेपटाला दोरा बांधून ठेवला तर पुढच्या वेळी तेवढंही लागत नाही. बाहेरच्या केबलला दहा मिनिटं लागतात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

म्हणजे केबलवरून माझा निर्णय झाला नाही. झाला तो एका आवाजावरून.

सायकल बांधून तीनचारशे किलोमीटर झाले असतील, एका चढावर उजवा पाय खाली जाताना 'कट्' असा आवाज आला. पुढच्या फेरीला परत कट्. सपाटीवर काही नाही, चढ लागला की सुरू, प्रत्येक फेरीला एकदा, अगदी घड्याळासारखा. पहिला संशय पेडलवर, काढून ग्रीस लावून परत बसवलं. मग चेनरिंगचे बोल्ट, मग सीटपोस्ट, मग खोगिराच्या रेल. उभं राहून मारलं तरी येतोय म्हणजे सीटचा नाही हे कळायला मला आठवडा लागला, हसू नका. मग मागच्या चाकाचं क्विक रिलीज, मग डिरेलर हँगर काढून त्याच्या मागे ग्रीसचं बोट. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये आवाज कुठूनही आला तरी सगळीकडून आल्यासारखा वाटतो, नळ्या म्हणजे पोकळ ढोलच, त्यामुळे कान लावून काही उपयोग होत नाही. शेवटी उरलं ते बीबी, आणि तेच निघालं.

इथे खरी गंमत सुरू होते. प्रेसफिटचा कप शेलमध्ये दाबून बसवलेला असतो, त्याला धरायला आटे नाहीत. भोक सांगितल्याप्रमाणे ४१ एमएम असेल, गोल असेल आणि दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत असतील तर सगळं झकास, वर्षानुवर्षं हूं की चूं नाही. पण वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम थोडं तरी ओढलं जातं, नंतर भोक नीट करून घेतलं नाही किंवा आत रंगाचा थर राहिला की कप केसाएवढा हलतो आणि हलला की बोलतो. कप काढायचा म्हणजे आतून सळई घालून हातोडीने ठोकायचा. माझा निघाला तेव्हा शेलच्या एका बाजूला आत रंगाची बारीक कड दिसत होती, आणि तिच्या बरोबर समोर ॲल्युमिनियम आरशासारखं घासलेलं, कप तिथेच हलत होता बहुतेक. व्हर्नियरने मोजलं, एकीकडे ४१ आणि दुसरीकडे थोडं जास्त, पण आतलं माप घरच्या व्हर्नियरने घेण्यात फार अर्थ नसतो हेही खरं.

ठोकून काढलेला नायलॉनचा कप परत वापरायची माझी हिंमत नाही झाली, नवीन आणला. लांब आट्यांची सळई, दोन नट आणि मोठे वॉशर, असा घरगुती प्रेस केला, पहिल्या प्रयत्नात कप तिरका गेला, परत ठोकून काढला, परत बसवला, प्रायमर मारून रिटेनिंग कंपाऊंड (कप जागेवर धरून ठेवणारा गोंद) लावलं, रात्रभर सुकू दिलं. दोन महिने शांतता. मग दोनतीन राईड पावसात झाल्या आणि एका सकाळी परत कट्. त्या दिवशी मी चढावर थांबून सायकलकडे नुसता बघत उभा होतो.

कदाचित माझ्याच वाट्याला वाईट शेल आलं असेल. प्रेसफिटवर हजारो किलोमीटर शांतपणे मारणारे लोक आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. दोन्ही कप मधे एकमेकांत आट्यांनी घट्ट होतात अशी प्रेसफिट बीबी पण मिळतात, ती मी लावून बघितली नाहीत, ओळखीतल्या एकाने लावलीयत आणि तो त्यानंतर गप्प आहे, म्हणजे सायकलही गप्प असणार.

आट्यांची फ्रेम बांधताना बीबीला लागली वीस मिनिटं, त्यातली दहा आटे पुसण्यात. बीएसएला एकच लक्षात ठेवायचं, चेनच्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे तो कप घड्याळाच्या विरुद्ध फिरवून घट्ट होतो. दोन्ही कपांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि पहिले तीनचार वेढे फक्त बोटांनी द्या, पाना अजिबात नको, कारण ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, तिरका कप पान्याने ओढला की फ्रेम गेली. आट्यांची फ्रेम अशी एकाच चुकीत जाऊ शकते, प्रेसफिटमध्ये ही भीती नाही, हेही तराजूत टाका. कप ३५ ते ५० न्यूटन मीटरला घट्ट करायचे असतात आणि घरातला छोटा टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) तिथपर्यंत पोचत नाही, मी लांब दांड्याचा पाना लावून अंदाजानेच केलं. पुढे शिमानोच्या क्रँकची डावीकडची प्लास्टिकची टोपी नुसत्या बोटांच्या जोराने, आणि दोन बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ ला. तिथे मात्र रेंच वापरा. जुनी इटालियन फ्रेम घेत असाल तर आधी आटे विचारा, शेल ७० एमएमचं आणि दोन्हीकडचे आटे सरळ, म्हणजे चेनकडचा कप हळूहळू सैल व्हायला बघतो.

फ्रेम घरी रंगवणार असाल तर आणखी एक. आट्यांच्या शेलमध्ये जुने कप चार वेढे फिरवून ठेवले की आटे झाकले जातात, रंग मारा, वाळला की कप काढा. प्रेसफिटचं भोक चिकटपट्टीने अगदी काठोकाठ झाकावं लागतं, रंगाची एक पापडी आत गेली तरी कप तिच्यावर बसतो, आणि मग वरचा अख्खा किस्सा परत पहिल्यापासून वाचा.

क्रँक पुढे ३० एमएम स्पिंडलचा घ्यायचा असेल तर या दोन्हीत जागेची ओढाताणच आहे, बेअरिंग बारीक घ्यावी लागतात. तेव्हा पीएफ३० (मोठ्या भोकाचं प्रेसफिट) किंवा टी४७ बघा. टी४७ म्हणजे साधारण पीएफ३० एवढंच मोठं भोक पण आट्यांचं, २०१५ च्या सुमाराला आलं. मिळालं तर माझं मत न विचारता घ्या. मोठ्या कंपन्याही हळूहळू आट्यांकडे परत आल्यात, स्पेशलाइज्डने २०२० च्या टारमॅक एसएल७ या रेसच्या सायकलला साधे बीएसए आटे दिले, आणि ती काही स्वस्तातली सायकल नव्हे.

तर हलकी, देखणी सायकल हवी असेल, हातात व्हर्नियर घेऊन फ्रेम घ्यायच्या आधी शेल तपासायची सोय असेल आणि ठोकाठोकीचा कंटाळा नसेल तर प्रेसफिट घ्या, वाईट नाही. मला विचाराल तर मी आता फ्रेमच्या फोटोत आधी शेल झूम करून बघतो, आत आटे दिसले तरच पुढचं वाचतो. दुसरी फ्रेम दोन पावसाळे चाललीय, बीबीला मी अजून हात लावलेला नाही. पहिली भिंतीवर टांगलीय, रंग अजून तसाच चकाकतो. कुणी मागितली तर देऊन टाकीन, पण शेलच्या आत टॉर्च मारून दाखवल्याशिवाय नाही.